संगणकाचा कारभारी बदलतांना



घर बदलल्यानंतर पहिले कांहीं दिवस रात्रीं उठलेल्या माणसाचा हात जुन्या घरांतील दिव्याच्या बटणाकडे जातो आणि कोरी भिंत चांचपीत राहतो. नव्या घरांत बटण नसतें असें नव्हे. तें दाराच्या दुसऱ्या बाजूस असतें. डोळ्यांना ही गोष्ट पहिल्याच दिवशीं कळते. हाताला कळण्यास मात्र आठपंधरा दिवस लागतात. संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे आपण घरीं-दारीं जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतों ती, बदलणाऱ्या माणसाची स्थिति अगदीं अशीच होते. ह्या अडचणीचें स्वरूप काय आहे तें उलगडून दाखवावें, आणि मराठींत लेखन करणाऱ्या घरांनीं हा बदल करण्यापूर्वीं कोणती एक गोष्ट सांभाळलीच पाहिजे तें सांगावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

हा विषय आतांच निघण्यास कारण आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘विंडोज १०’ ही प्रणाली २०१५ च्या जुलै महिन्यांत आली आणि आपल्याकडील असंख्य घरांत, शाळांत व कचेऱ्यांत रुळली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं कंपनीनें तिची नित्याची देखभाल थांबविली. त्या दिवशीं कोणाचाहि संगणक बंद पडला नाहीं. तो पूर्वींसारखाच चालतो. परंतु प्रणालींत नव्यानें आढळणाऱ्या छिद्रांना जीं ठिगळें महिन्याच्या महिन्यास मोफत लावलीं जात, तीं लावणें बंद झालें. ज्यांनीं वेगळी नोंदणी केली त्यांना आणखी एका वर्षाची सवलत मिळाली, पण सवलत ती सवलतच. पुढची ‘विंडोज ११’ घ्यावी, तर ती जुन्या यंत्रांना लागू पडत नाहीं. तिला सुरक्षिततेसाठीं टीपीएम नांवाची एक विशिष्ट सोय आणि साधारणपणें २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे पत्रें लिहिण्यास, हिशेब ठेवण्यास व बातम्या वाचण्यास पूर्ण समर्थ असलेलें यंत्र भंगारांत घालण्याची पाळी येते. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला हा खर्च लहान नव्हे. अशा वेळीं यंत्र तेंच ठेवून आंतील प्रणाली बदलावी, हा मार्ग पुष्कळांनीं धरला आहे. आमच्या सिंदेवाहीस माझ्या स्वतःच्या घरीं मीं तोच धरला.

कार्यप्रणाली म्हणजे काय, हें आमच्या पूर्व विदर्भांतील वडीलधाऱ्यांना मालगुजारीच्या दाखल्यानें चटकन् समजेल. मालगुजाराची जमीन, तलाव, कोठार हें सर्व एकीकडे. ज्यांचें त्यांच्याशीं काम पडे ते लोक दुसरीकडे. आणि मध्यें दिवाणजी. थेट कोठारांत कोणीच शिरत नसे. धान हवें असो कीं वही पाहावयाची असो, सांगावयाचें तें दिवाणजीला. किल्ल्या त्याच्याच कमरेला. संगणकाचा प्रोसेसर, स्मरणशक्ति, पडदा, छपाईयंत्र ही मालमत्ता. पत्र लिहिण्याची किंवा चित्र पाहण्याची आज्ञावली म्हणजे कामासाठीं आलेला माणूस. आणि कार्यप्रणाली हा दिवाणजी. नवा दिवाणजी आला म्हणजे जमीन बदलत नाहीं, तलाव आटत नाहीं. बदलतें तें एवढेंच कीं किल्ल्या दुसऱ्या खुंटीवर लागतात आणि वह्या दुसऱ्या पद्धतीनें लिहिल्या जातात. ह्यांपैकीं किल्ल्यांची अडचण दिसते मोठी आणि असते लहान. वह्यांची अडचण प्रथम दिसतच नाहीं आणि असते फार मोठी. लोक नेमके उलट समजतात, म्हणून हा भेद आरंभींच सांगून ठेवतों.

नव्या दिवाणजीचा थोडा परिचय करून देतों. फिनलंडमधील हेलसिंकी येथें लायनस टॉरव्हाल्ड्स नांवाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं प्रणालीचा गाभा स्वतःच्या हौसेनें लिहिला आणि सर्वांना खुला केला. तोच लिनक्स. अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनीं १९८३ सालीं जाहीर केलेल्या ‘ग्नू’ उपक्रमांतून इतर पुष्कळ साधनें तयार होत होतीं; दोहोंचा संयोग होऊन पूर्ण प्रणाली बनली. तिचा मूळ लेख कोणीहि वाचावा, सुधारावा व वांटावा अशी मोकळीक असल्यानें तिचीं अनेक रूपें निघालीं : डेबियन, उबुंटू, मिंट. आपल्या देशांत ‘परम’ महासंगणकामुळें नांवारूपास आलेल्या, पुण्यास मुख्य ठाणें असलेल्या सी-डॅक ह्या शासकीय संस्थेनेंहि डेबियनच्या आधारें ‘बॉस’ नांवाचें भारतीय रूप २००७ सालीं प्रसिद्ध केलें. आणि हें सर्व ऐकून ज्यांना परक्या मुलखांत आल्यासारखें वाटत असेल त्यांना सांगतों कीं आपल्या खिशांतील अँड्रॉइड फोनच्या तळाशीं हाच लिनक्सचा गाभा आहे. बदलाला आपण नाहीं म्हणत असतांनाच तो होऊन गेला आहे.

आतां किल्ल्यांची गोष्ट. विंडोजमध्यें वाढलेल्या माणसाला प्रथम चुकल्यासारखें होतें तें ‘सी’ आणि ‘डी’ ह्या कप्प्यांच्या अभावीं. हीं नांवें तरी कोठून आलीं? आरंभींच्या संगणकांत ‘ए’ आणि ‘बी’ हीं अक्षरें फ्लॉपी नांवाच्या चकत्यांसाठीं राखलेलीं होतीं. मागून आलेल्या स्थिर चकतीच्या वांट्यास ‘सी’ आलें. फ्लॉपी गेली, पण तिची जागा अजून कोणी घेतली नाहीं! लिनक्समध्यें असे निरनिराळे वाडे नसून एकच वृक्ष असतो. सर्व फांद्या एकाच मुळापासून फुटतात, आणि पेन ड्राइव्ह लावला तर तोहि त्याच वृक्षाला तात्पुरती फांदी म्हणून जोडला जातो. प्रत्येक माणसाचें स्वतःचें घर म्हणजे त्या वृक्षावरील एक ठराविक फोल्डर. त्याच्या बाहेर सहसा जावें लागत नाहीं, हें एकदां कळलें म्हणजे ‘माझी फाइल कोठें गेली’ हा आक्रोश थांबतो.

दुसरी किल्ली आज्ञावली आणण्याची. विंडोजच्या माणसाला निरनिराळ्या ठिकाणांहून वस्तु उचलून आणण्याची संवय. येथें बहुतेक सर्व वस्तु प्रणालीच्याच एका भांडारांतून घ्यावयाच्या, जसें फोनवर आपण घेतों. तेथें नसलेली वस्तु अनोळखी ठिकाणाहून आणूं नये. तिसरी किल्ली परवलीच्या शब्दाची. प्रणालीच्या अंतर्भागांत कांहीं बदल करावयाचा झाला कीं लिनक्स तो शब्द विचारतो. पुष्कळांना हा अविश्वास वाटतो. वस्तुतः कोठाराचें दार उघडण्यापूर्वीं दिवाणजीनें मालकाला विचारावें हें योग्यच होय.

एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. ‘हिशेब’ हें नांव इंग्रजी लिपींत सर्व लहान अक्षरांनीं लिहिलें काय आणि पहिलें अक्षर मोठें काढलें काय, विंडोजला तें एकच. लिनक्सला त्या दोन निरनिराळ्या फाइली. नवशिक्यांची ह्यांत फसगत होते. परंतु देवनागरींत लहान अक्षर व मोठें अक्षर हा भेदच नाहीं. फाइलींना मराठींत नांवें द्या, ही अडचण उरतच नाहीं. आपल्या लिपीचा हा लाभ फारसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

ह्या सर्व गोष्टी सांगून पांच मिनिटांत कळतात. अंगवळणी पडण्यास तीन आठवडे लागतात. ह्या मधल्या काळाविषयीं माझें मत स्पष्ट आहे. आमच्या गांवीं कृषि विद्यापीठाचें संशोधन केंद्र असून धानाच्या जातींवर तेथें काम चालतें. पण मी सांगतों तें कळण्यास केंद्रांत जावयास नको, कोणत्याहि बांधीच्या धुऱ्यावर उभें राहिलें तरी पुरे. पऱ्हे उपटून दुसऱ्या बांधींत रोवले म्हणजे पहिले आठदहा दिवस तें पीक पिवळें व केविलवाणें दिसतें. नव्या मातींत मुळ्या धरीपर्यंत पानांना कांहीं मिळत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. ह्या आठ दिवसांत रोप जगलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तें उपटून पाहणारा शेतकरी मीं पाहिला नाहीं. संगणकाच्या बाबतींत मात्र सुशिक्षित माणसें तेंच करतात. तिसऱ्या दिवशीं कंटाळून जुनी प्रणाली परत बसवितात आणि नवीला नांवें ठेवितात.

जुनें कौशल्य नव्याला अडथळा करतें, हें शिक्षकाला वर्गांत रोज दिसतें. ज्याला कांहींच येत नाहीं तो विद्यार्थी नवी रीति लवकर उचलतो; ज्याचा हात एका वळणावर पक्का झाला आहे त्याला आधीं तें वळण मोडावें लागतें. म्हणून नव्या प्रणालीवर म्हातारा अडखळतो आणि नातू धांवतो. ह्यांत बुद्धीचा कमीअधिकपणा नाहीं. मात्र त्या नातवापासून एका बाबतींत जपावें. ‘आजोबा, सोपें आहे, द्या इकडे’ असें म्हणून तो माऊस हिसकावून घेतो, चार ठिकाणीं टकटक करतो आणि काम करून देतो. काम होतें, शिक्षण होत नाहीं. नातवाला हात मागें बांधून उभें करावें आणि तोंडानें सांगावयास लावावें. चाळीस वर्षांच्या अध्यापनांत फळ्यापाशीं मीं दुसरी पद्धति कधीं वापरली नाहीं, आणि येथेंहि तीच लागू पडते.

आणखी एक पथ्य : दोन बदल एकदम करूं नयेत. लिनक्सची सर्व बाह्य मांडणी मराठींत करून घेतां येते, आणि स्वयंसेवकांनीं मोठ्या चिकाटीनें केलेलीं तीं भाषांतरें पाहण्यासारखीं आहेत. पण ज्याच्या डोळ्याला इंग्रजी यादीची संवय आहे त्यानें पहिला महिना यादी इंग्रजींतच राहूं द्यावी. घर आणि भाषा एकाच दिवशीं बदलणें मनुष्याला झेपत नाहीं. तसेंच, प्रणाली कायमची बसविण्यापूर्वीं ती पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहतां येते. यंत्रांतील कशालाहि धक्का लागत नाहीं. पडदा, आवाज, वायफाय आणि छपाईयंत्र हीं चारहि ओळखलीं जातात कीं नाहीं, हें दोन दिवस असें पाहून घ्यावें.

असो. किल्ल्यांविषयीं इतकें पुरे. आतां वह्यांकडे वळतों, कारण मराठी घराचें खरें नुकसान तेथें होऊं शकतें.

माझ्या एका दिवंगत स्नेह्यांनीं, तेहि शिक्षकच होते, आमच्या झाडीबोलींतील शब्द अनेक वर्षें गोळा करून संगणकावर उतरून ठेवले होते. बांधी, बोडी, पऱ्हे, रोवना अशीं शेतीचीं, तलावांचीं, जंगलांतील झाडापाल्याचीं नांवें. सुमारें अकराशें शब्द, प्रत्येकापुढें अर्थ आणि तो कोणत्या गांवीं ऐकला तें गांव. त्यांच्या पश्चात् ती फाइल मुलानें माझ्या हातीं दिली. जुन्या प्रणालींत ती उत्तम दिसत होती. नव्या प्रणालींत ती उघडतांच पडद्यावर एकहि मराठी अक्षर दिसेना. इंग्रजी अक्षरें, स्वल्पविराम, कंस आणि चित्रविचित्र खुणा ह्यांची खिचडी मात्र पानोपानीं पसरलेली. असा देखावा पाहिला कीं लोक म्हणतात, नव्या प्रणालीनें फाइल बिघडविली. तसें घडत नाहीं. फाइल जशीच्या तशी असते. ती मुळांत मराठींत लिहिलेलीच नसते.

हें विधान चमत्कारिक वाटेल, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. संगणक अक्षरें सांठवीत नाहीं, क्रमांक सांठवितो. आरंभीं हे क्रमांक केवळ इंग्रजी अक्षरांसाठीं ठरलेले होते. मराठी छापावयाची तर काय करावें? तेव्हां एक युक्ति निघाली. क्रमांक इंग्रजीचेच ठेवावयाचे, पण त्या अक्षरांच्या आकृति बदलून त्या जागीं देवनागरीचे तुकडे बसवावयाचे : कोठें अर्धा ‘क’, कोठें काना, कोठें वेलांटी, कोठें रफार. अशा आकृतींच्या संचाला फाँट म्हणतात. सी-डॅकचे डीव्हीबी-टीटी मालिकेचे फाँट, पुण्याच्या मॉड्युलर कंपनीचें श्रीलिपी, हिंदी मुलखांतून आलेला कृतिदेव, हे सर्व ह्याच युक्तीचे. आणि त्यांनीं आपल्या भाषेची मोठी सेवा केली ह्यांत शंका नाहीं. एका काळांतील वर्तमानपत्रें, लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, सर्व त्यांतून निघालें. परंतु संगणकाच्या दृष्टीनें त्या फाइलींत ‘पाणी’ हा शब्द नसतोच. इंग्रजी खुणांची एक रांग असते आणि तिच्यावर मराठी मुखवटा चढविलेला असतो. मुखवटा, म्हणजे तो विशिष्ट फाँट, यंत्रांत नसला कीं खालचा इंग्रजी चेहरा उघडा पडतो. शिवाय प्रत्येक कंपनीनें तुकडे आपापल्या मर्जीनें बसविले असल्यानें एकाचा मुखवटा दुसऱ्याला चालत नाहीं.

युनिकोडनें हा घोळ संपविला. १९९१ सालीं त्याची पहिली आवृत्ति निघाली. त्यांत जगांतील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा, कायमचा क्रमांक मिळाला. आणि देवनागरीची रचना आपल्याच सरकारनें आधीं तयार केलेल्या ‘इस्की’ ह्या भारतीय प्रमाणावरून घेतलेली होती. ‘क’ चा क्रमांक २३२५ आणि आपल्या ‘ळ’ चा २३५५. विंडोजवर असो, लिनक्सवर असो, फोनवर असो, सिंदेवाहीस असो वा सिंगापुरास, ‘ळ’ तो २३५५. फाँट बदलला तर अक्षराचें वळण बदलेल, अक्षर बदलणार नाहीं. विंडोज २००० पासून ही सोय सामान्य संगणकावर आली. तिच्याबरोबरच्या ‘मंगल’ फाँटचीं वळणें प्रसिद्ध सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी ह्यांनीं काढलेलीं. हा ‘मंगल’ लिनक्सबरोबर मिळत नाहीं. त्या जागीं ‘लोहित’ किंवा ‘नोटो’ असे मोकळे फाँट असतात. त्यामुळें जुनें युनिकोड पत्र नव्या प्रणालींत उघडलें म्हणजे वळण निराळें दिसतें, चार पानांचा मजकूर साडेचार पानांवर जातो, एखादा तक्ता सरकतो. हा त्रास खरा. पण शब्द शाबूत राहतात.

हाच भेद आमच्या रेल्वेवरून स्पष्ट होईल. गोंदियाहून चांदा फोर्टला जाणारा, सिंदेवाहीवरून गेलेला लोहमार्ग पूर्वीं अडीच फुटी छोट्या रुळांचा होता. १९९० नंतरच्या दशकांत तो मोठ्या रुळांचा झाला. परंतु नागभीडहून नागपुरास जाणारा फांटा २०१९ पर्यंत छोटाच राहिला. त्यामुळें नागपुरास जाणाऱ्या आमच्या प्रवाशाला नागभीडला बोचकीं उतरवून दुसऱ्या गाडींत चढावें लागे. इंजिन कोणत्या रंगाचें आहे ह्याला तेथें महत्त्व नव्हतें; रुळांची रुंदी जमत नव्हती, हीच अडचण होती. कार्यप्रणाली हें इंजिन आहे. आपल्या लेखनाचें अक्षरप्रमाण हे रूळ आहेत. इंजिनाविषयीं घरोघर चर्चा चालते, आणि रुळांकडे कोणी पाहत नाहीं.

म्हणून प्रणाली बदलण्यापूर्वीं एका संध्याकाळीं बसून घरांतील मराठी फाइली एकेक उघडाव्या आणि त्या कोणत्या फाँटमध्यें आहेत तें पाहावें. जुन्या धाटणीच्या फाँटमधील असतील तर प्रथम त्या फाँटची प्रत राखून ठेवावी. ती नव्या प्रणालींतहि बहुधा बसवितां येते व फाइल पुन्हां वाचतां येते. पण वाचतां येणें आणि वापरतां येणें ह्यांत अंतर आहे. माझ्या स्नेह्यांच्या फाइलीला मीं तिचा मुखवटा परत चढविला, तेव्हां अकराशेंच्या अकराशें शब्द दिसूं लागले. मग ‘बोडी’ हा शब्द शोधावयास सांगितला, तर सांपडेना. कारण संगणकाच्या लेखीं तेथें ‘बोडी’ नाहींच. शब्द अकारविल्हे लावावयास सांगितले, तर त्यानें ते इंग्रजी खुणांच्या क्रमानें लावले आणि ‘क’ च्या मागें कोठला तरी ‘भ’ येऊन बसला. ज्या शब्दसंग्रहांत शब्द शोधतां येत नाहीं आणि क्रम लावतां येत नाहीं, तो संग्रह म्हणजे नुसतें चित्र.

तेव्हां जुन्या फाँटमधून युनिकोडमध्यें रूपांतर करणें आलें. तें करून देणारीं साधनें उपलब्ध आहेत आणि बरेंचसें काम एका क्षणांत होतें. परंतु दोन ठिकाणीं डोळ्यांत तेल घालून पाहावें लागतें : पहिली वेलांटी आणि रफार. ह्याचें कारण मनोरंजक आहे. जुन्या पद्धतींत अक्षरें डोळ्याला दिसतात त्या क्रमानें टंकिलीं जात. ‘किती’ लिहितांना आधीं वेलांटी, मग ‘क’. युनिकोडांत अक्षरें उच्चाराच्या क्रमानें सांठविलीं जातात. आधीं ‘क’, मग त्याचा स्वर. रफाराचें तसेंच. ‘वर्ग’ शब्दांत रफार दिसतो ‘ग’ च्या डोक्यावर, पण उच्चारांत ‘र’ येतो ‘ग’ च्या आधीं. हा उलटापालट क्रम सुलटा करतांना यंत्र जोडाक्षरांपाशीं घोटाळतें. मुलांना शुद्धलेखन शिकवितांना ‘आधीं उच्चार करा, मग लिहा’ असें मी सांगत असें. युनिकोडनें तोच नियम यंत्राला लावला आहे असें म्हणावयास हरकत नाहीं.

बोलीभाषेच्या लेखनाला आणखी एक धोका आहे. रूपांतर झाल्यावर शुद्धलेखन तपासणारी सोय चालू असेल तर ‘पानी’ ह्या शब्दाखालीं ती तांबडी रेघ ओढते आणि ‘पाणी’ सुचविते. पण झाडीबोलींत तो शब्द ‘पानी’ असाच आहे व संग्राहकानें तो मुद्दाम तसा नोंदविला आहे. घाईनें ‘सर्व दुरुस्त करा’ ही कळ दाबली, तर एका क्षणांत आमच्या बोलीची पुण्याची मराठी होऊन जाईल. अशा कामाच्या वेळीं ती सोय बंद ठेवावी.

लिहिण्याच्या हाताविषयीं आतां सांगतों. मराठी टंकलेखनाच्या वर्गांतून बाहेर पडलेल्या पिढीचा हात रेमिंग्टन यंत्राच्या मांडणीवर बसलेला आहे. नवी पिढी इंग्रजी अक्षरांत मराठी उच्चार लिहून त्याचें देवनागरी करून घेते. माझें मत तिसऱ्या पद्धतीच्या बाजूस आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं ‘इनस्क्रिप्ट’ नांवाची मांडणी प्रमाण ठरविली. तींत डाव्या हाताला स्वर व मात्रा, उजव्या हाताकडे मुख्यतः व्यंजनें. आणि ‘क’ च्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ख’, ‘ग’ च्या कळीवर ‘घ’, ‘त’ च्या कळीवर ‘थ’, अशी आपल्या वर्णमालेला धरून रचना आहे. ज्याला बाराखडी येते त्याला ती पंधरा दिवसांत येते. तिचा मोठा गुण असा कीं ती विंडोजमध्यें आहे आणि लिनक्समध्येंहि आहे, आणि दोन्हीकडे कळा जागच्या जागीं आहेत. प्रणाली बदलली त्या दिवशीं माझें बाकी सर्व अडत होतें, पण मराठी लिहितांना बोटें एकदांहि थांबलीं नाहींत. नव्या घरांत दिव्याचें बटण निदान एका खोलींत तरी जुन्याच जागीं होतें.

‘पऱ्हे’ ह्या आमच्या शब्दाचें एक सांगून ठेवतों, कारण पुष्कळजण येथें अडतात. साधा ‘र’ घेऊन त्याचा पाय मोडला आणि पुढें ‘ह’ लिहिला, तर ‘र’ चा रफार होऊन ‘पर्हे’ असें विचित्र रूप उमटतें. त्यासाठीं ‘र’ च्याच कळीवर शिफ्टसह असलेला नुक्त्याचा ‘ऱ’ घ्यावा, मग पाय मोडावा, मग ‘ह’. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘कोऱ्या’ हे सर्व शब्द ह्याच वाटेनें लिहावे.

ह्या बदलाचा अनुभव मोठ्या प्रमाणावरहि घेतला गेला आहे. केरळ राज्यानें ह्या शतकाच्या पहिल्या दशकांत आपल्या शाळांतील संगणक-शिक्षण लिनक्सवर नेलें आणि तें तेथें टिकलें. मुलांचे हात कोरे होते, शिक्षकांना शिकविण्याची व्यवस्था होती. जर्मनींतील म्युनिक शहराच्या नगरपालिकेनें २००३ सालीं असाच निर्णय घेऊन पुढील दहा वर्षांत सुमारें पंधरा हजार संगणक लिनक्सवर आणले. पण २०१७ सालीं नगरसभेनें पुन्हां विंडोजकडे वळण्याचा ठराव केला. त्या माघारींत राजकारण किती आणि गैरसोय किती ह्यावर अजून वाद आहे. तथापि बाहेरच्या कचेऱ्यांशीं कागदपत्रांची देवघेव नीट जुळत नाहीं ही तक्रार तेथें वारंवार होत असे. म्हणजे पुन्हां रूळच.

ह्यावरून सर्वांनीं हा बदल करावा असें मी सांगत नाहीं. ज्यांच्या दुकानाचा हिशेब टॅलीवर चालतो त्यांनीं विंडोजच ठेवावी, कारण ती आज्ञावली तिच्यासाठींच लिहिलेली आहे. छायाचित्रण किंवा छपाई हा ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनींहि विचार करूनच पाऊल टाकावें. पत्रलेखन, वाचन, पत्रव्यवहार आणि घरखर्च एवढेंच ज्यांचें काम आहे, त्यांना मात्र जुन्या यंत्रावर आणखी पांचसात वर्षें सुखानें काढतां येतील. जुनी प्रणाली पुसण्यापूर्वीं सर्व फाइलींची प्रत वेगळ्या चकतीवर काढावी, आणि ती प्रत खरोखर उघडते कीं नाहीं हें दुसऱ्या संगणकावर पाहावें. हें पाहण्याचा कंटाळा करूं नये.

माझ्या स्नेह्यांचा संग्रह मी सध्यां रोज सायंकाळीं वीज असेपर्यंत तपासतों. एका बाजूस जुना मुखवटा चढविलेली मूळ फाइल, दुसऱ्या बाजूस युनिकोडांतील नवी. शब्द जुळला कीं पुढचा. रफार चुकलेले शब्द सुमारें दीडशें निघाले. अकारविल्हे यादींत ‘भ’ संपून ‘म’ लागला आहे, आणि ‘बोडी’ आतां शोधल्याबरोबर सांपडते.